गाडी तुटायची ती फक्त मयतीसाठी

माझं लहानपण रुळांशेजारी गेलं असं सांगितलं की लोकांचे चेहरे विरघळतात. काय मजा येत असेल ना, म्हणतात. खिडक्यांतून हात हलवणारी माणसं, रोज नवे चेहरे. मी सरळ सांगते की आमच्या गाडीला खिडक्याच नव्हत्या. ती कोळशाची गाडी होती. हात हलवायचा तर शेवटच्या डब्यातल्या गार्डाला, आणि तो बहुतेक वेळा डबा उघडून जेवत बसलेला असे. मग लोक विषय बदलतात आणि मलाही बरं वाटतं.

माजरीच्या बाजूला एक खाण होती. तिथला कोळसा ऊर्जानगरच्या वीजघराकडे जायचा. खाणीपासून मोठ्या लाइनीपर्यंत एक एकेरी लोहमार्ग टाकला होता, त्याला सगळे सायडिंग म्हणत. एवढीशी ती लाइन. चालत निघालात तर घाम यायच्या आत संपेल. तिच्या एका अंगाला आमचं गाव, दुसऱ्या अंगाला भद्रावतीकडे जाणारा डांबरी रस्ता, आणि मधे फाटक. दवाखाना, बाजार, एसटी, कॉलेज, सगळं फाटकापलीकडे. त्या फाटकाचे गेटमन माझे अब्बा. आमचं क्वार्टर गावाच्या बाजूला, फाटकाला लागून.

अब्बा नातेवाइकांशी हिंदीत बोलत, घरात आणि फाटकावर वऱ्हाडीत, आणि रागावले की दोन्हींत. राग त्यांच्या नाकावर असे. पण झेंड्या मात्र ते लेकरांसारख्या जपत. लाल आणि हिरवी, दोन्हींच्या कडा वाऱ्यानं उसवत, आणि अम्मी त्या पुन्हा शिवून देई. अम्मी गावातल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. तिच्या मशीनवर कायम कुणाची तरी बाही पडलेली असे आणि तिच्याखाली अब्बांची झेंडी. "सरकारी कपडा आहे, दोरा तरी चांगला लावत जाय," असं अब्बा म्हणत. अम्मी म्हणे, "सरकारले सांगा दोरा पाठवाले." दोघांचं असं दिवसभर चाले. त्यालाच प्रेम म्हणत असतील तर ते भरपूर होतं.

खाणीतून भरलेली गाडी निघे आणि मोठ्या लाइनीवर जागा मिळेपर्यंत वाटेतच थांबे. इंजिन पार वळणापलीकडे, गार्डाचा डबा खाणीकडे, आणि मधले डबे बरोबर आमच्या फाटकावर आडवे. कधी लगेच निघे, कधी अर्धा दिवस हलत नसे. फाटकाशेजारी अब्बांची पत्र्याची खोली होती, तिला गुमटी म्हणत; तिथल्या फोनवरून ते विचारत. पलीकडून उत्तर ठरलेलं, "निघतेच आता."

गाव काही त्या उत्तरावर बसून राहत नसे. शाळेची पोरं दप्तर पुढे ढकलून डब्यांखालून सरपटत जात. पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या काड्यांचे भारे घेतलेल्या बाया आधी भारा सरकवत, मग स्वतः वाकत. सायकलीसुद्धा आडव्या करून जात. सगळ्यांच्या पाठीला काळं लागलेलं असे. भद्रावतीच्या बाजारात आमच्या गावचा माणूस पाठीवरून ओळखू यायचा. आणि दर वेळी अब्बा गुमटीतून ओरडत बाहेर येत, "काऊन रे, जीव वर आला काय? इथी उभे राहा." कुणी ऐकत नसे. हसत आणि जात.

अब्बांच्या ओरडण्यामागे एक गोष्ट होती. माझा जन्म व्हायच्या आधी, ते या फाटकावर नवीन असताना, एक बाई अशीच खालून जात होती आणि गाडीनं अचानक हिसका दिला. पुढचं ते कधी सांगत नसत. फक्त एवढंच सांगत की भारा पलीकडे पोचला होता.

म्हणून आमच्या घराचा एक रिवाज होता. पोर स्वतःच्या पायानं फाटकापर्यंत जायला लागलं की अब्बा त्याला गुमटीत नेत, समोर उकिडवे बसत, त्याचा हात आपल्या डोक्यावर ठेवत आणि वदवून घेत की उभ्या गाडीखालून मी कधीच जाणार नाही. मौलवीसाहेबांनी ऐकलं असतं तर चिडले असते. शपथ घ्यायची ती फक्त अल्लाची, माणसाच्या डोक्याची कसली? पण अब्बा त्या एका बाबतीत कुणाचं ऐकत नसत. या शपथेतून मोकळं करायचं तर तेच करू शकत. तेही त्यांनीच ठरवलेलं. "ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्यानं 'जाय, मोकळी केली तुले' म्हनलं, तरच." माझ्या भावानं शपथ घेतली, मी घेतली, आणि अम्मीनं तर लग्न होऊन आल्याच्या आठवड्यातच घेतली होती. नव्या नवरीचा नवऱ्याच्या डोक्यावर हात, तोही गुमटीत. अम्मी हे सांगताना इतकी हसायची की तिला ठसका लागायचा.

त्यामुळे सगळं गाव खालून जाई आणि गेटमनचं कुटुंब फाटकाशी उभं राही. कॉलेजात माझे पहिले तास बुडत. मैत्रिणी पलीकडून ओरडत, "ये ना वो, कोन पाहून राह्यलं?" अब्बा पाहत नसले तरी मी जात नसे. हात त्यांच्या डोक्यावर ठेवलेला होता. मी भांडखोर आहे, अम्मीवर गेले आहे, पण तेवढं मी कधी मोडलं नाही.

गाडी आडवी असताना तिच्यात वाट करून देणं शक्य नव्हतं असं नाही. फाटकाजवळचे दोन डबे एकमेकांपासून सोडवायचे, इंजिनानं पुढचा भाग थोडा ओढायचा, मधे रस्ता मोकळा होतो. गावात त्याला गाडी तोडणं म्हणत. पण तोडलेली गाडी पुन्हा जोडायची, ब्रेकांच्या नळीत हवा पुन्हा भरायची, यात फार वेळ जाई. तोवर मोठ्या लाइनीवरची जागा हुके आणि वरून बोलणी बसत. म्हणून गाडी तुटायची ती फक्त मयतीसाठी.

हे कुठे लिहिलेलं नव्हतं. हिंदूंची स्मशानभूमी नाल्याकाठी, रस्त्यापलीकडे. आमचं कबरस्तानही त्याच बाजूला. जिवंत माणूस वाकून जाऊ शकतो, तिरडी वाकत नाही. जनाजाही नाही. आणि मयत एकदा घरातून उचलली की वाटेत खाली ठेवून ताटकळायची नाही, हे दोन्हीकडे सारखंच मानत. त्यामुळे गावात कुणी गेलं की अब्बा फोन करत, गार्ड उतरून येई, ड्रायव्हर कुरकुर करत नसे. डबे सुटे होत, माणसं खांदा देत मधून जात, आणि अब्बा एका हातात लाल झेंडी धरून दुसऱ्या हातानं टोपी सारखी करत. मला लहानपणी त्याचा अभिमान वाटे. माझ्या बापाच्या शब्दावर एवढी मोठी गाडी मधून दुभंगते असं मी शाळेत सांगायची.

अम्मीच्या छातीत दुखायला लागलं ते थंडीच्या दिवसांत, सकाळी. गावातली बरीच माणसं कापूस वेचायला गेलेली. मी कॉलेज संपवून घरीच होते. अम्मी मशीनवर बसली होती. मशीन थांबलं तसं मी वळून पाहिलं. ती हात छातीशी धरून बसली होती आणि कपाळावर घाम, एवढ्या थंडीत. "काई नाई, गॅस झाला," म्हणाली. मग म्हणाली, "तुझ्या अब्बाले बोलाव."

फाटकावर भरलेली गाडी उभी होती.

शेजारचे काका शेतात गेले नव्हते. वयस्क शेतकरी, आमच्या घरी रोज चहाला येणारे. त्यांनी आणि आणखी तिघांनी अम्मीला खाटेसकट उचलून फाटकाशी आणलं. मी पलीकडे हाका मारल्या. रस्त्यावर एक जीप थांबवली गेली. ती आम्हाला डब्यांच्या मधून दिसत होती. तिचा ड्रायव्हर खाली उतरून आमच्याकडे पाहत उभा होता. एवढं जवळ होतं सगळं. मी चिंच फेकली असती तर त्याला लागली असती.

अब्बांनी फोन केला. निघतेच आता. त्यांनी गाडी तोडायचं विचारलं. पलीकडून सांगितलं की सिग्नल मिळतोच आहे, तोडून पुन्हा जोडेपर्यंत उलट उशीर होईल, गाडी सरकली की लगेच फाटक मोकळं. आणि ते खोटं नव्हतं. हिशोबानं पाहिलं तर तेच बरोबर होतं. मी आजही त्या फोनवरच्या माणसाला दोष देत नाही. पण त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

काका म्हणाले, "भाऊ, खालून काढू भाभीले. चौघं हावो आम्ही. खाट सोडून देऊ, चादरीत धरू. आत्ता पोचवू पलीकडे."

अब्बांच्या हातात लाल झेंडी होती. ती का घेतली होती कोण जाणे. त्यांनी डब्यांच्या खाली पाहिलं. तिथं चाकं होती, गिट्टी होती, आणि आणखी काय दिसलं ते त्यांनाच माहीत.

अम्मीच बोलली. "नाई. तेच्या डोक्याची शपथ हाय मले." मग अब्बांकडे पाहून म्हणाली, "झेंडी घेऊन काऊन उभे आहा? मी काय पळून जाऊन राह्यली?"

काका हसले. मीसुद्धा हसले. अम्मी तशीच होती, आणि तिच्या त्या बोलण्यानं आम्हाला वाटलं की एवढं काही नसेल. पण ती अब्बांकडे पाहतच राहिली. ती काय मागत होती ते मला तेव्हाच कळलं. तिला एकच वाक्य हवं होतं. जाय, मोकळी केली तुले. ते तिनं आयुष्यात पहिल्यांदाच मागितलं, आणि तेही तोंडानं नाही.

अब्बांचे ओठ हलले. शब्द आला नाही. ते पुन्हा डब्यांखाली पाहू लागले. मी म्हणाले, "अब्बा, म्हणा ना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सरकलच आता."

आम्ही थांबलो. गेटमनचं कुटुंब आपल्याच फाटकावर थांबलं. दोन पोरं आमच्या डोळ्यांदेखत खालून पलीकडे गेली आणि परत आली, जीपवाल्याला थांब म्हणून सांगायला. अम्मीच्या चादरीवर कोळशाची बारीक भुकटी बसत होती आणि मी ती पुसत होते. ती म्हणाली, "राहू दे, धुऊन टाकू." नंतर ती बोलली नाही.

गाडी निघाली. मग जीप, मग खाणीच्या कॉलनीतला दवाखाना. डॉक्टरनं अम्मीला तपासलं आणि आमच्यापैकी मोठं कोण आहे असं विचारलं. त्या प्रश्नावरूनच मला कळलं. अब्बा भिंतीशी उभे होते. त्यांनी हात वर केला, शाळेत करतात तसा.

अम्मीला घेऊन आम्ही परत निघालो तेव्हा दुपार कलली होती. वळणावर आलो आणि दिसलं की फाटकावर पुन्हा गाडी आहे, वीजघराकडून परत आलेली, रिकामी. भद्रावतीला राहणारा माझा भाऊ दवाखान्यात आला होता, आता जीपमध्ये माझ्याशेजारी होता. तो म्हणाला, "आता?"

पण गाडी तोडलेली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. फोनवरून बातमी गेली असेल. दोन डब्यांच्या मधे चांगली रुंद वाट होती आणि तिच्यातून आमचं क्वार्टर दिसत होतं, दारात वाळत घातलेली अम्मीची ओढणी दिसत होती. गार्ड रुळाशेजारी उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. रिवाजाप्रमाणे सगळं नीट केलेलं होतं.

त्या मोकळ्या जागेचा मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कशाचाच आला नाही. मी गार्डाला काहीतरी बोलणार होते. बिचाऱ्यानं चांगुलपणानं केलं होतं. भावानं माझा हात दाबला. जीप हळूहळू मधून गेली. अब्बा पुढे बसले होते. त्यांनी डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं नाही.

अब्बा लवकरच कामावर गेले. जायलाच हवं होतं, क्वार्टर नोकरीचं होतं. पण ते ओरडेनासे झाले. गाडी उभी राही, पोरं खाली वाकत, आणि अब्बा गुमटीत तोंड फिरवून बसत. लाल झेंडीची कड उसवली होती. मी एकदा सुई-दोरा घेऊन गेले तर म्हणाले, "राहू दे." मीही फार आग्रह केला नाही. मी त्यांच्यावर रागावले होते, आणि तो राग कित्येक वर्षं गेला नाही. जेवण वाढायची, पण बोलायची नाही. ते समोर बसत, जेवत, ताट उचलून नेत.

मग एक गोष्ट व्हायला लागली. पहिल्यांदा मला वाटलं योगायोग आहे. पऱ्हाटीचे भारे घेतलेल्या दोघी जणी गाडीपाशी आल्या, वाकणार तेवढ्यात त्यांनी गुमटीकडे पाहिलं, आणि भारे खाली ठेवून उभ्या राहिल्या. मग सायकलवाले थांबायला लागले. मग शाळेची पोरंही, त्यांना घरून ताकीद मिळाली असावी. ज्या नियमासाठी माझ्या बापानं आयुष्यभर घसा कोरडा केला तो गाव आता पाळायला लागलं होतं. त्याला बरं वाटावं म्हणून. एकदा काका असेच उन्हात उभे होते, बाजाराची पिशवी घेऊन. अब्बा गुमटीतून बाहेर आले आणि म्हणाले, "जा ना भाऊ, काऊन थांबले?" काका म्हणाले, "घाई नाई मले." अब्बा आत गेले. मी दारातून पाहत होते. त्यांचे खांदे हलत होते.

माझं लग्न होऊन मी चंद्रपूरला आले. पुढे काही वर्षांनी त्या खाणीतला कोळसा संपला. गाड्या कमी झाल्या, मग बंदच झाल्या. अब्बा निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला रूळ उचलले गेले. फाटकाचे लोखंडी दांडे कुणीतरी नेले, गुमटीचे पत्रेही गेले. उरली ती गिट्टी, तिच्यावर तरोट्याचं तण माजलं. भावानं अब्बांना भद्रावतीला बोलावलं, मी चंद्रपूरला बोलावलं. ते गावातच खोली घेऊन राहिले, जुन्या फाटकाच्या अलीकडे.

मी सुट्टीत माझ्या मुलीला घेऊन जायची. परतीच्या वेळी अब्बा आम्हाला एसटीपर्यंत सोडायला येत. आणि जुन्या फाटकाच्या जागी आले की थांबत. दर वेळी. जिथे दांडा असायचा तिथे पाय जुळवून उभे राहत, समोर पाहत. मुलीला ते गमतीचं वाटे, तीही शेजारी उभी राही. मी पुढे जाऊन वळून पाहायची आणि चडफडायची. बराच वेळ झाला की ते येत.

एकदा खरंच एसटी येताना दिसली. पुढची मग संध्याकाळीच होती. मी पिशव्या घेऊन गिट्टीच्या कडेला आले आणि अब्बा थांबलेले. माझा तोल गेला. इतकी वर्षं पोटात दाबलेलं सगळं एका वाक्यात बाहेर आलं. मी म्हणाले, "गाडी नाही, रूळ नाहीत. आता कशासाठी थांबता? तेव्हा थांबलात तेवढं पुरे नाही झालं?"

मुलगी माझ्याकडे पाहत होती. अब्बा रागावले नाहीत. खरं तर त्यांना हे कुणीतरी विचारावं असंच वाटत असावं. ते म्हणाले, "तुझी अम्मी जितका वेळ थांबली होती, तितका वेळ थांबतो मी. जास्त नाई."

रस्त्यावर एसटी जवळ येत होती. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिशवी धरलेल्या माझ्या हाताकडे. ते थोडे पुढे आले, त्यांनी माझा मोकळा हात धरला आणि तो आपल्या डोक्यावर ठेवला. केस पार विरळ झाले होते, टाळू गरम लागली. त्यांचे ओठ हलले, त्या सकाळी हलले होते तसेच.

"जाय," ते म्हणाले. "मोकळी केली तुले."

मग त्यांनी माझा हात सोडला आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभे राहिले. मी मुलीचा हात धरून गिट्टीवरून पलीकडे गेले. आम्हाला एसटी मिळाली. मागच्या काचेतून पाहिलं तेव्हा ते अजून थांबलेलेच होते.